पडद्यावर काय दाखवायचं आणि काय झाकून ठेवायचं?

(पिंपळगाव रेणुकाई, ता. भोकरदन, जि. जालना येथे शिक्षक, पालक आणि विद्यार्थ्यांसमोर झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)

आजचा विषय ऐकून काहींना वाटलं असेल की हे कॉम्प्युटरवाल्यांचं काम आहे. तसं नाही. आता बऱ्याच शाळांमध्ये एक तरी प्रोजेक्टर किंवा मोठा टीव्ही आलेला आहे. विज्ञानाच्या तासाला त्यावर सिम्युलेशन लावलं जातं. सिम्युलेशन म्हणजे व्हिडिओ नव्हे. व्हिडिओ आपण नुसता बघतो. सिम्युलेशनमध्ये आपण काहीतरी बदलतो आणि मग काय होतं ते बघतो. बॅटरी वाढवली, बल्ब जास्त पेटला. दोरी लांब केली, लंबक सावकाश हलला. हे झालं सिम्युलेशन.

आता हे बनवणाऱ्यासमोर पहिला प्रश्न असतो, पडद्यावर काय काय दाखवू? आणि ते वर्गात लावणाऱ्या गुरुजींसमोरही तोच प्रश्न असतो, कारण यातल्या बऱ्याच गोष्टी चालू-बंद करता येतात. आम्ही गेली काही वर्षं शिक्षकांबरोबर बसून हेच करतो. कुठली खूण चालू ठेवायची, कुठली बंद, आणि कुठल्या क्षणी चालू करायची. बाहेरून बघणाऱ्याला ही बारीकसारीक गोष्ट वाटते. पण मुलाच्या डोक्यात विजेचं, पृथ्वीचं, गुरुत्वाकर्षणाचं जे चित्र बसतं, ते यावरून बसतं. आणि एकदा बसलेलं चित्र दहावीच्या परीक्षेनंतरही निघत नाही.

तुमच्या गावचा मिरचीचा बाजार सगळ्यांना माहीत आहे. मिरची घेणारा माणूस ढिगाच्या वरचा थर बघून भाव करतो का? हात आत घालतो, मूठभर काढतो, देठ बघतो, मोडून बघतो. तिथं कुणी मिरचीच्या ढिगावर पाटी लावून सगळं लिहून ठेवलं तर? नवा माणूस पाटी वाचेल आणि हात आत घालायचं विसरेल. सिम्युलेशनचं असंच होतं. पाट्या फार लावल्या की मुलं पाट्या वाचतात. वस्तूला हात लावत नाहीत.

आता थेट उदाहरण घेऊ. अमेरिकेत कोलोरॅडो विद्यापीठ आहे, बोल्डर नावाच्या गावी. तिथं २००२ साली कार्ल वीमन या भौतिकशास्त्रज्ञानं 'फेट' नावाचा प्रकल्प सुरू केला. वीमन यांना २००१ साली नोबेल मिळालेलं. नोबेल मिळवलेला माणूस शाळा-कॉलेजातल्या मुलांसाठी फुकट सिम्युलेशन बनवायला बसतो, हेच मुळात लक्षात ठेवण्यासारखं आहे. ही सिम्युलेशन्स आज मराठीतही मिळतात. एकेक डाउनलोड करून पेनड्राइव्हवर टाकलं तर इंटरनेट नसतानाही चालतं. भारनियमनाचं काय करायचं ते मात्र तुम्ही बघा.

त्यातलं एक विद्युत परिपथ जोडायचं सिम्युलेशन आहे. बॅटरी, बल्ब, तारा, स्विच, रोध असं सगळं खेचून आणायचं आणि जोडायचं. परिपथ पूर्ण झाला की तारांमधून निळे गोळे सरकायला लागतात. ते इलेक्ट्रॉन. खऱ्या तारेत हे आपल्याला कधीच दिसत नाही. म्हणजे इथं बनवणाऱ्यानं ठरवलं की जे डोळ्याला दिसत नाही ते दाखवायचं. आणि जे दिसतं त्यातलं बरंचसं काढून टाकायचं. लूज कॉन्टॅक्ट नाही. गंजलेला स्क्रू नाही. लाल वायर आणि काळी वायर असा भेद नाही. तुम्ही हसताय, पण प्रयोगशाळेत मुलं खरंच विचारतात, लाल वायरच्या जागी काळी लावली तर बल्ब लागेल का? वायरचा रंग ही माहितीच आहे, पण या धड्यासाठी निरुपयोगी माहिती. ती मुलाचं लक्ष खाते.

यावर २००५ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. नोआ फिंकेलस्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. कॉलेजच्या विद्यार्थ्यांपैकी काहींनी खऱ्या सामानाऐवजी हेच सिम्युलेशन वापरलं, काहींनी खरं सामान. नंतर सगळ्यांना खरं सामान देऊन परिपथ जोडायला लावला. आपल्याला वाटेल, ज्यांनी खऱ्या वायरी हाताळल्या ते पुढं असणार. झालं उलट. पडद्यावर शिकलेल्यांना संकल्पनेचे प्रश्न जास्त चांगले सुटले आणि खरे भाग जोडण्यातही ते सरस ठरले. याचा अर्थ खरी प्रयोगशाळा बंद करा असा कुणी काढू नये. आम्ही तर अजिबात काढत नाही. याचा अर्थ एवढाच की, न दिसणारा प्रवाह दाखवणं आणि फालतू तपशील झाकणं, या दोन निर्णयांत दम होता.

आता आपल्या मुलांकडे येऊ. विजेबद्दल आपल्या गावाकडच्या मुलांना शहरातल्या मुलांपेक्षा जास्त कळतं, हे आम्ही नुसतं गोड बोलायचं म्हणून सांगत नाही. शहरातल्या पोरानं डीपी जवळून पाहिलेला नसतो. स्टार्टर म्हणजे काय ते माहीत नसतं. आपल्या सातवीतल्या पोराला माहीत असतं की लाईनच्या शेवटच्या टोकाला बल्ब मिणमिणता लागतो. का लागतो विचारलं तर उत्तर ठरलेलं, "सर, करंट तिथपर्यंत जाईपर्यंत संपतो."

हे उत्तर नीट ऐका. ही चूक फक्त आपल्याकडची नाही. जगभर ज्यांनी मुलांच्या विजेबद्दलच्या समजुतींचा अभ्यास केला त्यांना हेच सापडलं, की मुलांना वाटतं करंट वापरला जातो. बल्बच्या अलीकडे जास्त, पलीकडे कमी. पण आपल्या मुलाकडे त्या समजुतीचा पुरावा आहे! त्यानं रोज रात्री पाहिलंय. त्याला नुसतं "चूक" म्हणून भागत नाही.

मग पडद्यावर काय दाखवाल? समजा फक्त निळे गोळे दाखवले. मूल बघतं की बल्बच्या अलीकडे आणि पलीकडे गोळे सारख्याच वेगानं जातायत. म्हणजे करंट संपत नाही. छान. पण मग शेवटच्या घरचा बल्ब मिणमिणता का? त्याचं उत्तर गोळ्यांमध्ये नाही. तिथं नुसते गोळे दाखवून थांबलात, तर मूल मनात म्हणतं, पडद्यावरची वीज वेगळी आणि आमच्या गावची वेगळी. आणि परीक्षेत पडद्यावरची लिहितं. हे सगळ्यात वाईट.

म्हणून आम्ही असं करतो. ९ व्होल्टची बॅटरी, १० ओहमचा बल्ब. बॅटरी आणि बल्ब यांच्यामध्ये जाणाऱ्या तारेत ४ ओहमचा एक रोध, परत येणाऱ्या तारेत ४ ओहमचा दुसरा. हे दोन रोध म्हणजे डीपीपासून शेवटच्या घरापर्यंतची लांबच लांब तार. आधी रोध न लावता बल्ब बघायचा, मग लावून बघायचा. बल्ब मंद होतो. आकडे अजून बंद. आता विचारायचं, गोळे कुठं हळू झाले? मुलं बारकाईनं बघतात आणि सांगतात, सर, सगळीकडेच हळू झाले. बल्बच्या आधी पण, नंतर पण. हे त्यांनी स्वतः पाहिलेलं असतं.

मग अॅमीटर. या सिम्युलेशनमध्ये एक अॅमीटर असा आहे की तार न तोडता नुसता वर धरला की आकडा दाखवतो. आपल्या वायरमनकडचा टाँग टेस्टर असतो ना, त्याचा भाऊ समजा. तो बल्बच्या अलीकडे धरा, ०.५ अँपिअर. पलीकडे धरा, ०.५. रोध नव्हते तेव्हा होता ०.९. म्हणजे करंट वाटेत संपला नाही, सगळ्या वाटेवरच कमी झाला.

आणि आता शेवटी व्होल्टमीटर. पहिल्या रोधावर २ व्होल्ट, बल्बवर ५, परतीच्या रोधावर २. दोन आणि पाच सात, आणि दोन नऊ. बॅटरीचे नऊ. मुलं एकदम म्हणतात, सर, व्होल्टेज वाटेत खाल्लं! तर हो. वाटेत खाल्लं जातं ते विभवांतर. पोराचं मूळ म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. वाटेत काहीतरी जातंय हे त्यानं बरोबर ओळखलं होतं. जाणाऱ्या गोष्टीचं नाव त्याला माहीत नव्हतं.

आता बघा, हेच सगळे आकडे पहिल्या मिनिटाला पडद्यावर असते तर? या सिम्युलेशनमध्ये आकडे आपण मागितल्याशिवाय येत नाहीत, तसा पर्याय मुद्दाम बंद ठेवलेला आहे. तो आधीच चालू केला की मुलं आकडे वहीत उतरवायला घेतात. आपल्याकडे तर उतरवून घेण्याची सवय हाडात मुरलेली. फळ्यावर आलं की वहीत. गोळ्यांकडे कोण बघतंय! जॉन स्वेलर या मानसशास्त्रज्ञानं १९८० च्या दशकापासून मांडलेला मुद्दा आहे की नव्यानं शिकणाऱ्याच्या डोक्यात एका वेळी फार थोड्या गोष्टी मावतात. जागा भरली की बाकीचं बाहेर सांडतं. जाणकाराला मात्र त्याच दहा गोष्टी एकच दिसतात, म्हणून जाणकाराला वाटतं की एवढं तर सहज दाखवता येईल. बनवणारा जाणकार असतो. घोळ तिथूनच सुरू होतो.

फेटवाल्यांनी यावर काढलेला उपाय साधा आहे. सिम्युलेशन बनत असताना ते विद्यार्थ्याला समोर बसवतात, त्याच्या हातात ते देतात आणि सांगतात, खेळ, आणि डोक्यात येईल ते मोठ्यानं बोल. स्वतः गप्प बसतात. कुठं तो अडखळला, कुठं भलताच अर्थ काढला ते टिपतात आणि मग बदल करतात. आपल्याकडे शैक्षणिक सॉफ्टवेअर बनवताना मुलाला असं किती वेळा बसवलं जातं? आम्ही पाहिलेल्या बऱ्याच सीडी आणि अॅप्समध्ये पाठ्यपुस्तकाचं पान उचलून पडद्यावर ठेवलेलं असतं, त्याला संगीत जोडलेलं असतं, आणि एक बाई फार गोड आवाजात व्याख्या वाचत असतात. असो.

पण त्या निळ्या गोळ्यांबद्दलही खरं बोललं पाहिजे. ते गोळे खोटं बोलतात. एक चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेतून १ अँपिअर वाहत असेल तर इलेक्ट्रॉन सरासरी किती वेगानं सरकतो? सेकंदाला साधारण ०.०७ मिलिमीटर. एक मीटर जायला पावणेचार तास! गोगलगाय बरी. पडद्यावर तो असा सरकताना दाखवला तर मूल म्हणेल सिम्युलेशन बंद पडलंय. म्हणून तिथं वेग वाढवलाय, आणि संख्या कमी केलीय. १ अँपिअर म्हणजे सेकंदाला सहाच्या पुढं अठरा शून्यं एवढे इलेक्ट्रॉन, ते काही काढता येत नाहीत. हे खोटं आम्हाला मान्य आहे, कारण जे शिकवायचं आहे, म्हणजे प्रवाह सगळीकडे सारखा असतो, ते यात शाबूत राहतं. पण नववीच्या वर्गात कधीतरी हा पावणेचार तासांचा हिशोब सांगावा. बटण दाबल्याबरोबर बल्ब कसा लागतो मग, असा प्रश्न कुणीतरी विचारतंच. आणि मग उसाच्या रानात भरलेल्या पाइपचं उदाहरण कामाला येतं. पाइप आधीच भरलेला असेल तर इकडं मोटर सुरू केल्याबरोबर तिकडं पाणी पडतं. इथलं पाणी तिथं पोचलेलं नसतं, तरी पडतं.

दुसरी अडचण दिशेची. आपल्या नववीच्या पुस्तकात धाराविद्युतच्या धड्यात बाण धन टोकाकडून ऋण टोकाकडे. सिम्युलेशन उघडलं की इलेक्ट्रॉन उलटे जाताना दिसतात. दोन्ही बरोबर. पण मुलाला काय दिसतं? पुस्तक एक सांगतंय, पडदा दुसरं. सिम्युलेशनमध्ये गोळ्यांऐवजी संकेतमान्य प्रवाहाचे बाण दाखवायचा पर्याय आहे. काही शिक्षक सुरुवातीपासून बाणच ठेवतात, परीक्षेला बरं म्हणून. आमचं मत वेगळं आहे. सहावी-सातवीला गोळे दाखवावेत आणि दिशेबद्दल काही बोलूच नये, कारण त्या वयात प्रश्न दिशेचा नसतो, प्रवाह संपतो की नाही हा असतो. नववीला एकदा दोन्ही एकामागोमाग दाखवून फरक सांगून टाकावा, आणि मग बाणांवर राहावं.

आणि शब्दांचं काय? शब्द हीसुद्धा पडद्यावरची माहितीच. घरी पोरगं ऐकतं 'करंट', 'होल्टेज', 'लाईट'. पुस्तकात विद्युतधारा, विभवांतर. 'लाईट' या एका शब्दात आपल्याकडे वीज, दिवा आणि पुरवठा तिन्ही येतात. 'लाईट गेली' म्हणजे पुरवठा. 'लाईट लाव' म्हणजे दिवा. पडद्यावर पाटी लावायचीच असेल तर पुस्तकातला शब्द लावा आणि तोंडानं घरचा शब्द बोला. दोन्ही एकाच वेळी पाटीवर लिहिले की पाटीची पंगत होते.

(एक काका मध्येच उभे राहिले: "सर, तुम्ही सांगितलं व्होल्टेज कमी झालं की करंट कमी होतो. आमच्या मोटरीचं उलटं असतंय. व्होल्टेज पडलं की अँपिअर वाढतात आणि मोटर जळते. कॉइल भरायला पैसे जातात ते वेगळेच.")

काका, तुमच्या या प्रश्नासाठी तरी इथं आलो असं झालं. तुमचं शंभर टक्के बरोबर आहे. सिम्युलेशनमधला बल्ब हा साधा रोध आहे. व्होल्टेज अर्धं केलं, करंट अर्धा. ओहमचा नियम. मोटर तशी नसते. विहिरीतलं पाणी तेवढ्याच उंचीवर उचलायचं असतं, काम तेवढंच असतं, आणि मोटर आपला फिरण्याचा वेग जवळपास तोच राखायला बघते. व्होल्टेज कमी मिळालं की तेवढंच काम करायला ती जास्त करंट ओढते. करंट वाढला की वाइंडिंग तापतं. आणि अजून एक. सगळ्यांच्या मोटरी अशा जास्त करंट ओढायला लागल्या की लाइनमध्ये आणखी विभवांतर खाल्लं जातं, शेवटच्या टोकाला व्होल्टेज आणखी पडतं. म्हणजे दुष्टचक्र. शिवाय तुमची मोटर थ्री फेजवर, एसीवर. पडद्यावर बॅटरी, म्हणजे डीसी.

आता यातून सिम्युलेशनवाल्यानं काय घ्यायचं? मोटरही आत घालायची का? आमच्या मते शाळेच्या सिम्युलेशनमध्ये नको. मोटर घातली की तीन नव्या गोष्टी येतात आणि आधीचं सगळं गढूळ होतं. पण मुलांना हे स्पष्ट सांगितलं पाहिजे की हा बल्ब कशासारखा आहे आणि कशासारखा नाही. खरा पिवळा बल्बसुद्धा तंतोतंत असा नसतो. त्याच्या तारेचा रोध थंड असताना बराच कमी असतो, तापल्यावर साधारण दहापट किंवा जास्त होतो. पडद्यावरच्या तारांचा रोधही सुरुवातीला जवळपास शून्य धरलेला असतो. तो वाढवायची पट्टी आत आहे, पण ती उघडावी लागते. म्हणजे आपण जो प्रयोग दोन रोध लावून केला, तो त्या पट्टीनंही करता येतो. आम्ही रोधच लावतो, कारण पट्टी सरकवली की काय बदललं ते चित्रात उठून दिसत नाही. रोध दिसतो.

आणि इथं सुरक्षेचं बोलून घेतो, कारण पालक बसलेत. या सिम्युलेशनमध्ये बॅटरीची दोन टोकं नुसत्या तारेनं जोडली की ज्वाळा दिसतात. हे मुद्दाम दाखवलंय आणि चांगलं केलंय. पण मुलाला तेव्हा मजा वाटते, आणि एक बटण दाबलं की सगळं परत जसंच्या तसं. खऱ्या २३० व्होल्टला परत जसंच्या तसं होत नाही. आपल्याकडे शेतात उघड्या वायरी असतात, आकडे टाकलेले असतात, पावसाळ्यात पेटीला हात लावला जातो. ज्या दिवशी पडद्यावर शॉर्टसर्किट कराल त्याच दिवशी, त्याच तासाला, हे बोला. पडदा हे दाखवत नाही, म्हणजे ते दाखवणं तुमच्याकडे आलं.

वीज पुरे. आता जरा आकाशात जाऊ, कारण तिथं पडदा याहून मोठी फसवाफसवी करतो.

सूर्य, पृथ्वी, चंद्र यांचं चित्र प्रत्येक वर्गात असतं. जालन्याची मोसंबी सगळ्यांना ठाऊक. समजा सूर्य म्हणजे ७ सेंटीमीटरची एक मोसंबी. मग पृथ्वी केवढी? अर्ध्या मिलिमीटरपेक्षा थोडी मोठी. खसखशीच्या दाण्याहून बारीक. आणि किती लांब? साडेसात मीटरवर, म्हणजे या सभागृहाच्या एका भिंतीपासून बहुधा दुसऱ्या भिंतीपर्यंत. चंद्र त्या खसखशीपासून दोन सेंटीमीटरवर, आणि तो दिसणारही नाही इतका बारीक. सूर्यानंतरचा सगळ्यात जवळचा तारा, म्हणजे पुढची मोसंबी, दोन हजार किलोमीटरवर. जालन्याहून निघालात तर काश्मीरच्याही पलीकडे.

हे चित्र पुस्तकाच्या पानावर मावत नाही. पडद्यावरही नाही. म्हणून सगळे पृथ्वी मोठी आणि जवळ काढतात. फेटमध्ये गुरुत्वाकर्षण आणि कक्षा यांचं सिम्युलेशन आहे, त्यात यावर एक प्रामाणिक उपाय केलाय. दोन भाग ठेवलेत. एकात गोळे मोठे करून दाखवलेत, म्हणजे ओढ कुणाची कुणाकडे हे दिसावं. दुसऱ्यात सगळं प्रमाणात, तिथं पृथ्वी शोधावी लागते. दोन्हींची नावं वेगळी आहेत, त्यामुळे कुठलं चित्र सोयीचं आणि कुठलं मापाचं हे कळतं. आम्ही वर्गात आधी मोसंबी घेऊन मैदानात जातो, मग पडदा लावतो. उलटं केलं तर मैदानातली खसखस मुलांना खोटी वाटते!

याहून नुकसान करणारं चित्र कक्षेचं. पुस्तकात पृथ्वीची कक्षा लांबुळकी काढलेली असते, कारण ती तिरकस बाजूनं बघितलेली असते. मुलाला हे कुणी सांगत नाही. मुलाला अंडाकृती दिसते आणि ते अर्थ काढतं की उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याजवळ येते. किती शिक्षकांनाही असंच वाटतं, ते मी विचारत नाही, हात वर करू नका. खरं म्हणजे पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ असते जानेवारीच्या पहिल्या आठवड्याच्या सुमारास, सुमारे १४.७ कोटी किलोमीटर. त्या वेळी इथं आपण शेकोटी करून बसलेलो असतो. आणि सगळ्यात लांब जुलैच्या सुरुवातीला, सुमारे १५.२ कोटी. फरक तीन-साडेतीन टक्के. वरून सरळ बघितलं तर ती कक्षा डोळ्याला गोलच दिसते. ऋतू होतात ते आस कलल्यामुळे. एका तिरक्या रेषेनं केवढं काम बिघडवलं बघा, आणि ती रेष चूकसुद्धा नव्हती.

मुंबईत मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे, १९७४ साली सुरू झालेलं, टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा भाग. तिथं शमिन पडळकर आणि जयश्री रामदास यांनी महाराष्ट्रातल्या ग्रामीण, आदिवासी आणि शहरी वस्त्यांमधल्या मुलांबरोबर खगोलशास्त्र शिकवण्यावर काम केलं. त्यांनी आकृत्या, हातात धरायच्या प्रतिकृती आणि हातवारे, शरीराच्या हालचाली यांचा एकत्र वापर केला. स्वतः गोल फिरायचं, हात करून दिशा दाखवायची आणि मग तेच कागदावर काढायचं. आम्हाला यातलं जे पटतं ते हे की, पडद्यावरच्या चित्रात बघणारा कुठं उभा आहे हे मुलाला आधी अंगानं कळलं पाहिजे. आपण पृथ्वीवरून बघतोय की बाहेरून? पडदा हे सांगत नाही. फार थोडी सिम्युलेशन्स सांगतात.

(एका शिक्षिकेचा प्रश्न: "सर, आम्हाला प्रात्यक्षिकाची वही पूर्ण करून घ्यायची असते. मुलांना आकडे लागतातच. मग आकडे झाकून कसं चालेल?")

बाई, आकडे लागतात, मान्य. प्रश्न आहे आकडा कोण काढणार. लंबकाचं उदाहरण घ्या. फेटच्याच लंबकाच्या सिम्युलेशनमध्ये साधं स्टॉपवॉचही आहे आणि दोलनकाल आपोआप मोजून देणारं घड्याळही आहे. आपोआपवालं लावलं तर एक मीटर लांबीसाठी साधारण २ सेकंद, पुढं दशांशासकट, लगेच उत्तर. पूर्ण वर्गाच्या वहीत एकच आकडा. स्टॉपवॉच दिलं तर मुलं दहा आंदोलनं मोजतात, कुणाचे १९.८ येतात, कुणाचे २०.३, कुणीतरी नऊच मोजलेली असतात. मग भांडण सुरू. आणि त्या भांडणात मुलांना कळतं की दहा का मोजायची, एकच का नाही. बोट दाबायला जो उशीर होतो तो दहांत वाटला जातो. आपोआपच्या घड्याळानं ही शिकवणच गिळून टाकली असती. ते घड्याळ नंतर द्या, जेव्हा लांबी बदलून आलेख काढायचा असेल आणि मोजण्यात वेळ घालवायचा नसेल.

त्याच सिम्युलेशनमध्ये एक अनोळखी ग्रह दिलाय, त्याचं गुरुत्व त्वरण लपवलेलं आहे. चंद्र आहे, गुरू आहे, आणि हा एक. मुलानं लंबक झुलवून, दोलनकाल मोजून, सूत्रात टाकून तो आकडा शोधायचा. आमच्या अनुभवात संपूर्ण तासात मुलं सगळ्यात जास्त बोलतात ती इथं. कारण इथं खरोखर काहीतरी माहीत नाही. आणि वहीत तोही आकडा येतो, बाई. उलट प्रत्येकाचा थोडा वेगळा येतो, त्यामुळे कुणाची वही बघून उतरवली तेही कळतं.

दुसऱ्या बाजूची सिम्युलेशन्सही आहेत, हेही सांगतो. सी-डॅक मुंबई आणि अमृता विद्यापीठ यांनी मिळून 'ओलॅब्स' बनवलंय. त्याचा रोख प्रयोगशाळेसारखंच वाटावं असा आहे. कृती, साहित्य, निरीक्षणं, तोंडी परीक्षेचे प्रश्न, सगळं क्रमानं. ज्या शाळेत साहित्यच नाही तिथं प्रात्यक्षिकाआधी तयारी म्हणून ते चांगलं आहे. फेट आणि हे, यात कुठलं भारी असा वाद आम्ही घालत नाही. न दिसणारं दाखवायचं असेल तर एक, हात बसवायचा असेल तर दुसरं. फेटमध्येसुद्धा विद्युत परिपथाची एक आवृत्ती अशी आहे की तिच्यात निळे गोळे काढून टाकलेत, फक्त मीटरवरून ओळखायचं. तेच सामान, फक्त एक गोष्ट झाकलेली. आधी गोळ्यांचं वापरा, आठवड्यानंतर बिनगोळ्यांचं द्या, आणि मुलांना विचारा, गोळे असते तर कुठं हळू गेले असते? हा आमचा आवडता प्रश्न आहे.

अजून एकच सांगतो, वेळ होत आलाय. ओहमच्या नियमाचं फेटमधलं जे सिम्युलेशन आहे त्यात सूत्राची अक्षरंच लहान-मोठी होतात. रोध वाढवला की रोधाचं अक्षर फुगतं आणि धारेचं अक्षर बारीक होतं. आलेख नाही, तक्ता नाही. सूत्र पाठ असलेली दहावीची मुलं ते बघून म्हणतात, अरे म्हणजे हे असं आहे होय! बऱ्याच वेळा एवढंच दाखवावं लागतं.

(शेवटचा प्रश्न एका विद्यार्थ्याचा: "सर, दोन रोधांचा तो प्रयोग आमच्या शाळेत खऱ्या सामानानं करता येईल का?")

येईल. १.५ व्होल्टचे चार सेल एका ओळीत लाव, टॉर्चचा बल्ब घे, आणि दोन रोध दुकानातून आण, चार-पाच ओहमचे. कुणाकडे मल्टीमीटर असेल, मोटर भरणाऱ्याकडे हमखास असतो, तो एक दिवस माग. बल्बवरचं आणि दोन्ही रोधांवरचं व्होल्टेज मोज आणि बेरीज कर. ती सेलच्या व्होल्टेजपेक्षा थोडी कमी आली तर घाबरू नको. वायरींनी आणि जोडण्यांनी थोडं खाल्लेलं असतं. सेलचं व्होल्टेजही बल्ब लावलेला असतानाच मोज, मोकळं मोजलंस तर जास्त येईल. ते का, हे तू शोध आणि सरांना सांग. घरच्या प्लगला मात्र यातलं काहीही लावायचं नाही.